चाकामागचे अष्टबंधन

या लेखापुढे एकच प्रश्न आहे. चाकाचे नट योग्य पान्याने, योग्य क्रमाने आणि योग्य जोराने आवळलेले असताना ते थोड्याच अंतरात सैल कसे होतात? हा प्रश्न मी दर वर्षी फळ्यावर लिहीत असे आणि मुले दर वर्षी एकच उत्तर देत, ‘नीट आवळले नसतील, सर.’ बहुतेक वेळा हे उत्तर बरोबर असते. ते चुकीचे ठरले, अशा एका प्रसंगाची हकिकत इथे देतो. ती सरळ सांगितली की उत्तर तिच्यातच सापडेल.

तंजावूरच्या एका तंत्रशिक्षण संस्थेत मोटारदुरुस्तीचा निदेशक म्हणून माझी नोकरी झाली. आता मी राजवाड्यामागच्या गल्लीत घरी असतो. आमच्या घरांतून जी दक्षिणी मराठी बोलली जाते, तिच्यात भाजीपासून भांड्यापर्यंत कितीतरी शब्द तमिळ आहेत, आणि देवनागरी वाचणारी माणसे थोडी उरली आहेत. माझ्या वडिलांनी मला पाटीवर अक्षरे गिरवायला लावली, म्हणून हे लिहिता येते. पुढे जे बोलणे आले आहे ते जसेच्या तसे उतरवले असते, तर पुण्याच्या वाचकाला दुभाष्या लागला असता. म्हणून ते थोडे सोवळे नेसवून मांडले आहे.

निवृत्त निदेशकाकडे गिऱ्हाइके येत नाहीत, शंका येतात. आमच्या गल्लीत एक निवृत्त तहसीलदार आहेत. ते दर सोमवारी मोटार घेऊन टायरच्या दुकानात जात आणि टायरांतली ‘शिळी’ हवा काढवून ‘ताजी’ भरून घेत. हे योग्य की अयोग्य, असे त्यांनी मला विचारले. मी सांगितले की हवा शिळी होत नाही, रबर शिळे होते. टायरच्या कडेवर चार आकडे एका लंबगोलात छापलेले असतात. त्यांतले पहिले दोन म्हणजे वर्षातला आठवडा आणि शेवटचे दोन म्हणजे साल. तो टायरचा जन्मदिवस. तहसीलदारांनी घरी जाऊन चष्मा लावून ते आकडे वाचले आणि दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, “हा टायर माझ्या नातवापेक्षा मोठा आहे हो.” तेव्हापासून हवेचा विषय संपला.

पद्माक्काची शंका याच सुमारास आली.

पद्माक्का लग्नकार्यात स्वयंपाक करून देते. मी तिच्याहून वयाने बराच मोठा आहे, तरी सगळे गाव तिला पद्माक्का म्हणते म्हणून मीही म्हणतो. तिचे यजमान भीमराव यांनी तरुणपणी लष्कराच्या जुन्या सामानाच्या लिलावातून एक ट्रेलर घेतला होता. एका आसाचा, दोन चाकांचा, जीपमागे जोडायचा. लष्कराने त्यात काय वाहिले असेल ते असो. भीमरावांनी त्यात हंडे, पसरट उरळ्या, शेगड्या आणि डाळतांदूळ वाटायचा ग्राइंडर वाहिला. तंजावूरपासून कुंभकोणमपर्यंत त्या ट्रेलरला ओळखत नाही असा कल्याण मंडप, म्हणजे लग्नाचे कार्यालय, नसेल. भीमराव गेले आणि ट्रेलर अंगणातल्या नारळाखाली उभा राहिला. पद्माक्काने एक दोन कार्यांना टेम्पो भाड्याने आणून पाहिला. एकदा तो उशिरा आला, एकदा दुसऱ्याच मंडपात जाऊन उभा राहिला. दुसऱ्या खेपेला मुलीकडच्यांनी बाहेरून इडल्या मागवल्या. आमच्याकडे स्वयंपाकी माणसाची अब्रू जायला एवढे पुरते.

त्यानंतर कामे थांबली. दीर म्हणू लागले की भांडी विकावी आणि लोखंड भंगारात द्यावे. तिचा धाकटा भाऊ शेषगिरी तर एका भंगारवाल्याला आणून ट्रेलर दाखवूनही गेला. अशात पापनाशमच्या एका ओळखीच्या घरातून निरोप आला: मुलीचे लग्न आहे, जेवण पद्माक्काने करावे, पण भांडी तिची तिनेच, वेळेवर आणावीत. निरोपाच्या शेवटी त्यांनी हेही कळवले होते की गरज पडली तर कुंभकोणमचा एक स्वयंपाकी तयार ठेवला आहे. पद्माक्का माझ्याकडे आली आणि पायरीवर बसून म्हणाली, “सर, एवढे एक लग्न माझ्या गाडीतून वेळेवर पोचवून द्या. नाही पोचले तर तीच गाडी मी स्वतः ओढत भंगारात नेईन.”

मी ट्रेलर पाहायला गेलो. सांगाडा उत्तम होता. लष्करी सामानाचा हा गुण मान्य केला पाहिजे: जिथे आपण एक पट्टी लावू तिथे त्यांनी दोन लावलेल्या असतात. आसाच्या टोकाला चाक ज्यावर बसते त्या हबमधले बेअरिंग ग्रीस बदलल्यावर मुकाट फिरू लागले. अडचण चाकांची होती. टायरांची नक्षी नव्यासारखी होती, पण कडांना कोरड्या तळ्यासारख्या भेगा पडल्या होत्या. आकडे वाचायचा प्रश्नच नव्हता. हे टायर आकडे छापायची पद्धत येण्याआधीचे होते.

आमच्या वळणावरच्या टायरवाल्या सेल्वमला बोलावले. त्याने चाकाला प्रदक्षिणा घातली, हात मागे बांधले आणि तमिळमध्ये जे म्हणाला त्याचा अर्थ असा, “सर, हे चाक नाही, दिवाळी आहे. मी हात लावणार नाही.”

त्याची भीती रास्त होती. नेहमीच्या चाकाची लोखंडी रिम एकसंध असते. या जातीच्या लष्करी चाकाची रिम दोन थाळ्यांसारख्या भागांची असते आणि ते भाग बोल्टांनी एकमेकांना जोडलेले असतात. म्हणजे चाकावर नटांची दोन वर्तुळे दिसतात. आतल्या वर्तुळाचे नट चाकाला हबवर धरतात. बाहेरच्या वर्तुळाचे नट दोन थाळ्यांना एकत्र धरतात. टायरात हवा असताना कोणी चुकून बाहेरचे नट सोडले, तर दाबलेली हवा त्या थाळ्या उडवते आणि समोरच्या माणसाला सावध व्हायला वेळ देत नाही. म्हणून असे चाक समोर आले की पहिले काम एकच: वाल्व्हमधली बारीक पिन काढून हवा पूर्ण जाऊ द्यायची, तार घालून वाल्व्ह तुंबला नाही ना ते पाहायचे आणि मगच पाना हातात घ्यायचा. हवा फुस्स करून गेली, तेव्हा पद्माक्काने आत जाऊन देवाला साखर ठेवली. सेल्वम म्हणाला, आता मी हात लावतो.

पण त्याच्याआधी शेषगिरीने हात लावला. तो माझ्याच संस्थेत शिकला होता, मात्र मोटार विभागात नव्हे, हिशेबाच्या वर्गात. उजव्या बाजूचे चाक त्याने सहज उतरवले. डाव्या बाजूचा नट काही केल्या हलेना, तेव्हा तो पान्यावर उभा राहिला. मी घरातून पाणी पिऊन बाहेर येईपर्यंत कडकन आवाज झाला आणि नट ज्यावर चढतो तो हबमधला आटेदार दांडा, म्हणजे स्टड, तुटून नटासकट अंगणात पडला.

मी तुटलेला तुकडा उचलून रॉकेलने पुसला. रंगाच्या थराखाली इंग्रजी एल हे अक्षर कोरलेले होते. त्या काळच्या अनेक गाड्यांना डाव्या बाजूला उलटे आटे असत. चाक पुढे फिरताना नट सैल होऊ नये अशी त्यामागची समजूत. असा नट आपण ज्याला आवळणे म्हणतो त्या दिशेने फिरवला की सुटतो आणि सोडायला जोर लावला की आणखी आवळतो. शेषगिरी इतका वेळ मोठ्या निष्ठेने नट आवळत होता.

“इंग्रजी अक्षर वाचता येते ना रे तुला?” पद्माक्काने विचारले.

“रंगाखालचे नाही येत,” शेषगिरी म्हणाला.

“मग रंग काढायचा, मग वाचायचे. भंगारवाल्याला दाखवायला वेळ होता.”

तुटलेल्या स्टडच्या जागी लेथवाल्याकडून नवा घालून घेतला. मग नवी चाके निवडायची होती, आणि इथे वाचकांना थोडी भूमिती सोसावी लागेल. चाक बदलताना भोकांची संख्या जुळणे पुरत नाही. ती ज्या वर्तुळावर आहेत त्या वर्तुळाचा व्यासही जुळावा लागतो. चार किंवा सहा भोके असतील तर समोरासमोरच्या दोन भोकांच्या केंद्रांतले अंतर मोजले की काम झाले. पाच भोकांत समोरासमोर अशी जोडीच नसते. मी हबवर तपकिरी कागद दाबून स्टडांचे ठसे घेतले. नंतर शाळेत शिकलेल्या रीतीने तीन ठसे जोडणाऱ्या रेषांचे लंबदुभाजक काढले. ते जिथे छेदतात तो वर्तुळाचा मध्य. पद्माक्का खांद्यावरून पाहत होती. म्हणाली, “हे तर पाच पुळ्ळीचे कोलम.” पुळ्ळी म्हणजे रांगोळीचा ठिपका. मी म्हटले, होय, फक्त हे पुसायचे नाही.

व्यास नेहमीच्या जीपच्या चाकाशी जुळला, त्यामुळे एकसंध रिमची चाके सहज मिळाली. आणखी तीन गोष्टी पाहिल्या. हबचा मधला उंचवटा नव्या चाकाच्या मधल्या भोकात बसतो की नाही. नटाचा निमुळता भाग चाकाच्या भोकाच्या उतारात पूर्ण टेकतो की नाही. तिथे चपटा नट चालत नाही. आणि नव्या टायरची उंची जुन्याइतकीच आहे की नाही, कारण ती कमीजास्त झाली तर जोडाचा दांडा कलतो, वजन मागे सरकते आणि ट्रेलर जीपमागे शेपटीसारखा हलू लागतो. वजन किती पेलणार तेही टायरच्या कडेवर छापलेले असते. भरलेल्या भांड्यांचे वजन पद्माक्काला तोंडपाठ होते. मी ते विचारले तेव्हा तिने सांबाराचे वेगळे आणि रसमचे वेगळे सांगितले.

चाके बसवायची, त्या दिवशी दुपारी मी जेवायला घरी गेलो होतो. चाके लावून ठेवा, नट हाताने फिरवून ठेवा, शेवटचे आवळणे मी येऊन करतो, असे सांगून गेलो होतो. परत आलो तेव्हा दोन्ही चाके जागेवर होती. बाहेरून प्रत्येक नटाभोवती गंधाचे आणि कुंकवाचे ठिपके होते, खाली लिंबे ठेवलेली होती. आमच्याकडे नवे चाकच काय, नवी कात्रीसुद्धा गंधाशिवाय वापरात येत नाही, तेव्हा त्यात विशेष काही नव्हते. चाकाची कड पुसून लख्ख केलेली होती. मी टॉर्कचा पाना घेतला. या पान्याला जोर ठरवून देता येतो आणि तेवढा जोर झाला की तो ‘टक’ असा आवाज करतो. नट ओळीने न आवळता एक सोडून एक, चांदणी काढल्यासारखे आवळायचे, म्हणजे चाक सगळीकडून सारखे टेकते. दहाही नटांनी टक म्हटले. पद्माक्काने लिंबांवरून ट्रेलर पुढे ढकलायला लावला आणि माझ्या हातावर पेढा ठेवला.

मी एक सूचना दिली. नवी चाके लावल्यावर पहिल्या प्रवासात थोडे अंतर गेले की थांबायचे आणि नट पुन्हा पाहायचे. तिने मान हलवली. मान हलवणे आणि ऐकणे यांतला फरक मी वर्गात पुरेसा पाहिला होता, म्हणून पान्यासकट मीही लग्नाला जायचे ठरवले. तसे आमंत्रण होतेच.

लग्नाच्या आदल्या दुपारी आम्ही निघालो. रात्रीच्या स्वागताचे जेवण पहिले होते. मदतीच्या बाया बसने पुढे गेल्या होत्या. शेषगिरी भीमरावांची जीप चालवत होता, शेजारी पद्माक्का, मागे मी आणि माझ्या मांडीवर लोणच्याची बरणी. निघताना कापूर ओवाळून झाला. ट्रेलर शांत चालला होता. हंड्यांच्या किणकिणीपलीकडे कोणताही आवाज नव्हता. दोन्ही बाजूंना भाताची हिरवी शेते होती. अय्यमपेट्टै जवळ आले तेव्हा मी म्हटले, पुढे कालव्याच्या पुलाजवळ सावली आहे, तिथे थांबू.

पद्माक्काने मागे न पाहता सांगितले की थांबता येणार नाही. भीमरावांचा नेम होता, कार्याला निघालेली भांडी मंडपात उतरेपर्यंत वाटेत थांबवायची नाहीत. इतकी वर्षे त्यांनी तो पाळला होता, आणि तो मोडल्यावरच, म्हणजे भाड्याचा टेम्पो वाटेत चहाला थांबला तेव्हापासून, दिवस फिरले होते.

शेषगिरीने माझी बाजू घेतली नाही. “सर, तुम्हीच आवळले, तुम्हीच टक ऐकले. आता तुमचाच तुमच्यावर विश्वास नाही काय?”

“माझ्यावर आहे,” मी म्हटले. “चाकावर नाही.”

“तिकडे मुलीचे मामा घड्याळ धरून उभे असतील,” पद्माक्का म्हणाली. “तो कुंभकोणमवाला फोनजवळ बसलेला असेल. आणि मी रस्त्यात उभी राहून नट मोजू?”

तिचे म्हणणे खोटे नव्हते. उशीर झाला असता तर तिचे काम संपले असते, आणि ते मला माहीत होते. पण त्या रस्त्यावर समोरून भरलेल्या बस येत होत्या, सायकलीवरून शाळेच्या मुली घरी चालल्या होत्या. जीपमागून एक चाक निघून गेले तर ते कोणाकडे जाईल ते चाक ठरवते. स्टड, ताण, घर्षण यांविषयी मी काही बोललो असतो तर ते तिच्या कानावरून गेले असते. म्हणून मी तिला तिचेच काम विचारले.

“पद्माक्का, सांबाराचे मीठ तू किती वेळा बघतेस?”

“दोनदा.”

“एकदा बरोबर घातले की झाले ना?”

“कसे होईल? उकळीआधीचे मीठ आणि उकळीनंतरचे मीठ एक नसते. आटते, डाळ ओढून घेते.”

“चाकाला आत्ता पहिली उकळी आली आहे.”

पद्माक्का भावाला म्हणाली, “सावलीत घे.”

पुलाजवळ जीप थांबली. मी पाना लावला. उजव्या बाजूचा पहिला नट टक म्हणेपर्यंत अर्धा फेरा फिरला. हे जास्त होते. दुसराही तसाच. डाव्या बाजूला गेलो आणि सवयीने आधी बोटे लावून पाहिली. नट बोटांनी फिरला. त्याच्या शेजारचाही फिरला. मी शेषगिरीला बोलावून त्याचा हात तिथे ठेवला. त्याने नट फिरवला आणि हात काढून लुंगीला पुसला.

चाक आणि हब यांच्या फटीतून पिवळसर भुकटी गळत होती. मी ती चिमटीत घेऊन वास घेतला. चंदन होते.

“हे काय आहे?” मी विचारले.

पद्माक्काने भुकटीकडे पाहिले. “अष्टबंधन,” ती म्हणाली.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडच्या देवळांत दगडी मूर्ती पीठावर बसवतात, तेव्हा दोहोंमधली फट लाख, राळ, मेण अशी द्रव्ये कुटून केलेल्या गोळ्याने भरतात. ते अष्टबंधन. ते वाळून घट्ट होते आणि मूर्ती हलत नाही. कुंभाभिषेकाच्या, म्हणजे देवळाच्या पुनःप्रतिष्ठेच्या, वेळी ते नवे घालतात, आणि त्यासाठी लाखेचा गोळा कुटायला मुलेसुद्धा हात लावतात. पद्माक्का लहानपणापासून हे पाहत आली होती. त्या दुपारी मी जेवायला गेलो होतो आणि सेल्वम चहाला. शेषगिरी चाक उचलणार तेवढ्यात तिने त्याला थांबवले. देव कोरडा बसवत नाहीत, मग एवढे ओझे वाहणारे चाक कोरडे का बसवायचे? तिने चंदन, हळद आणि तांदळाची पिठी पाण्यात घट्ट मळून हबच्या तोंडावर चांगली थापली, त्यावर चाक दाबून बसवले, आणि कडेने जे बाहेर आले ते ओल्या फडक्याने पुसून घेतले. स्वयंपाकी माणूस भांड्याची कड कधी घाण ठेवत नाही. म्हणून बाहेरून काही दिसत नव्हते.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. नट चाकाला धरत नाही. नट स्टडला ताणतो आणि ताणलेला स्टड, लांबवलेल्या स्प्रिंगप्रमाणे आखडू पाहत, चाकाला हबवर दाबून धरतो. लोखंडाने लोखंडावर दाबून राहणे हेच सगळे बळ. मध्ये जाड रंग, गंज, ग्रीस किंवा पिठी असेल तर आवळताना ती दाबली जाते आणि पाना प्रामाणिकपणे टक म्हणतो. पुढे ती वाळते, चाक फिरताना कुटली जाते, भुकटी होऊन गळते. जेवढी गळते तेवढी जागा मोकळी होते. स्टडचा ताण जातो. ताण गेल्यावर नटाला तिथे राहायला कारण उरत नाही. मूर्तीला अष्टबंधन चालते कारण मूर्तीला कुठे जायचे नसते.

रस्त्याकडेला काम सुरू झाले. ग्राइंडर आणि मोठे हंडे उतरवून सावलीत ठेवले, जॅक लावून एकेक करून दोन्ही चाके काढली. जाणारी एक बस हळू झाली आणि वाहकाने खिडकीतून विचारले, “अक्का, पंगत इथेच का?” पद्माक्काने त्याला संध्याकाळी पापनाशमला यायला सांगितले. मी खिशातून चाकू काढत होतो, तोवर ती भांड्यांच्या पेटीतून दोशाचे उलथने घेऊन आली आणि हबपाशी उकिडवी बसली.

“द्या इकडे. मी थापले, मीच खरवडते.”

तिने खरवडले. तव्याच्या कडेची करप काढावी तसे, लोखंडाला ओरखडा न पाडता, तळापर्यंत. मग फडक्याने पुसले. मी हात फिरवून पाहिला. पिठीचा कण नव्हता. चाकांची मागची बाजूही तिनेच साफ केली. काम चालू असताना ती एकदाच बोलली, आणि तेही चाकाकडे पाहत. “यांनी कधी आत गंध नव्हते लावले. मला वाटले, तेवढे राहून जात होते.”

शेषगिरीने, डाव्या बाजूचे नट उलटे फिरतात हे आता न सांगता लक्षात ठेवून, ते बसवले आणि मी पान्याने पुन्हा आवळले. भंगारवाल्याचा विषय त्याने त्या दिवशी काढला नाही, आणि नंतरही काढल्याचे माझ्या ऐकण्यात नाही.

मंडपात पोचायला उशीर झाला. मुलीचे मामा खरोखरच पायरीवर उभे होते. पद्माक्काने त्यांना काही समजावले नाही; उतरता उतरता विचारले की पाणी कुठे आहे, आणि बायांना चिंच भिजवायला सांगितली. स्वागताचे पाहुणे आमच्याकडे कधीच वेळेवर येत नाहीत, या गोष्टीचा तिला त्या दिवशी उपयोग झाला. पहिली पंगत बसली तेव्हा सांबार वाफाळत होते. कुंभकोणमच्या स्वयंपाक्याला कोणी फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी मुहूर्ताच्या जेवणाला मामांनी सुरळीची पोळी दुसऱ्यांदा वाढून घेतली, आणि त्याच मंडपातून पुढच्या कार्याचे आमंत्रण मिळाले.

परत निघण्याआधी मंडपामागे ट्रेलर भरून झाला. पद्माक्का माझ्यापाशी आली.

“सर, आता सुटणार नाहीत ना ते?”

मी टॉर्कचा पाना तिच्या हातात दिला. “मला कशाला विचारतेस? विचार त्यांना.”

तिने पदर खोचला. पाना कसा धरायचा ते एकदाच दाखवले. उजव्या चाकाचे नट झाले, मग डाव्या बाजूला जाऊन तिने दिशा उलटी केली. एकेका नटाला पाना लावून ती कान देऊन ऐकत होती. दहा वेळा टक झाले. शेवटच्या टकनंतर तिने पेटीतून गंधाची वाटी काढली, नटांच्या माथ्यांवर बाहेरून एकेक ठिपका दिला आणि वाटी झाकून ठेवली.

तो पाना मी परत घेतला नाही. आता तो तिच्या पेटीत उलथन्याशेजारी असतो. भीमरावांचा नेमही तिने मोडलेला नाही, थोडा लांबवला आहे: निघालेली भांडी वाटेत थांबवायची नाहीत, पुलाजवळची एक सावली सोडून. तिला देवनागरी येत नाही, म्हणून हा लेख मी तिला वाचून दाखवला. तिने एकच दुरुस्ती सांगितली. मीठ ती तीनदा बघते.

निवृत्त माणसाच्या शब्दावर विसंबून राहू नये, असे मला प्रामाणिकपणे वाटते. मी सांगितलेले कोणत्या ना कोणत्या तपशिलात तुमच्या गाडीला लागू पडणार नाही. जोर किती लावायचा ते प्रत्येक गाडीच्या माहितीपुस्तकात वेगळे दिलेले असते. तेव्हा एवढी विनंती आहे. हा अंक बाजूला ठेवा. अंगणात किंवा रस्त्यावर उभी असलेली तुमची गाडी असेल तिथे जा. टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचा. एकेका नटाला पाना लावा. आणि तो काय म्हणतो ते स्वतः ऐका.